भाषा शिकावयास परदेशी कशाला?

रविवारच्या मिस्सानंतर लोक देवळाच्या आवारात रेंगाळत होते. सीमाभागातील त्या लहानशा धर्मग्रामात आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. एक मध्यमवयीन शेतकरी गृहस्थ हातातील कागदांची सुरळी सांभाळीत आमच्यापाशी आले व आम्हांस चिंचेखाली बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, पोरगी म्हणतीया, भाषा शिकायला परदेशी जातो. आता तुम्हीच सांगा, तोंड उघडलं की भाषा येतीय. ती शिकायला समुद्राच्या पल्याड कशाला जायचं?”

प्रश्न रोखठोक होता आणि वाटतो तितका भोळाही नव्हता. आम्ही मुलीस बोलावून घेतले. ती बी.ए. झालेली, जरा बुजरी, परंतु डोळ्यांत पाणी असलेली. शहरातील महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात तिने वर्गमैत्रिणींस “मी आलो” असे म्हटले व सारा वर्ग हसला. मुलगी असून “आलो”! आमच्या सीमाभागात कित्येक घरांतून आया, बहिणी, आज्या “मी आलो, मी जातो” असेच म्हणतात हे वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या वर्गातील मुलींना ते ठाऊक नव्हते. मुलगी महिनाभर गप्प राहिली. पुढे ग्रंथालयात भाषाशास्त्रावरील एक पुस्तक तिच्या हाती लागले. आणि आपले बोलणे ही चूक नसून तो अभ्यासाचा विषय आहे, हे तिला प्रथमच कळले. तेव्हापासून तिच्या मनाने हे वेड घेतले आहे.

आम्ही त्या गृहस्थांस जे सांगितले, आणि वेळेअभावी जे सांगावयाचे राहिले, ते येथे सविस्तर लिहितो. कारण असा प्रश्न इतरही घरांतून पडत असेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाषाशास्त्र म्हणजे पुष्कळ भाषा शिकणे नव्हे. दहा भाषा बोलणारा हमाल बंदरावर भेटतो. तो भाषाशास्त्रज्ञ नव्हे. भाषाशास्त्रज्ञ विचारतो की, भाषा चालते कशी? माणसाच्या तोंडातून निघणाऱ्या ध्वनींपैकी कोणते ध्वनी एखादी भाषा आपलेसे करते, त्यांतून शब्द कसे घडविते, शब्दांतून वाक्य कसे उभे राहते, आणि पिढ्यान् पिढ्या हे सारे हळूहळू बदलते कसे? दोन वर्षांचे मूल हे सर्व कोणाच्या शिकवणीवाचून कसे आत्मसात करते, हा तर या शास्त्रातील फार मोठा प्रश्न आहे.

उदाहरण घरचेच घेऊ. ‘चार’ हा आकडा उच्चारा आणि लगेच जनावरांचा ‘चारा’ म्हणा. लिहिताना दोन्हीकडे एकच ‘च’. परंतु आकड्यातील ‘च’ला जीभ टाळ्याकडे पसरते, तर चाऱ्यातील ‘च’ला ती दातांच्या मुळाशी जाऊन टेकते. आपण जन्मभर हे दोन ध्वनी न चुकता वेगळे उच्चारीत आलो, आणि तरी ते दोन आहेत हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आले होते? परदेशी विद्यापीठात पहिल्या काही महिन्यांत विद्यार्थ्याचा कान असाच तयार करतात. तेथे अमेरिकन विद्यार्थ्याला आपला ‘त’ आणि ‘ट’ यांतील भेद ऐकू येईपर्यंत घाम फुटतो. आणि आपल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतील द्राक्षाचा वेल व द्राक्षाची दारू या अर्थांचे ‘वाइन’सारखे ऐकू येणारे दोन शब्द वेगळे उच्चारताना तितकाच. यात कोणी अडाणी नाही. ज्याने त्याने आपल्या आईकडून ऐकले तेवढेच त्याच्या कानाला कळते.

याहून मौजेचा एक तास असतो. वर्गात एका अशा व्यक्तीस आणून बसवितात, जिची भाषा विद्यार्थ्यांपैकी कोणासच येत नाही. पुस्तक नाही, व्याकरण नाही. विद्यार्थ्यांनी तिला विचारावयाचे : हाताला काय म्हणता? माझा हात? तुझा हात? माझे दोन हात? उत्तरे ध्वनिलिपीत टिपून घ्यावयाची व सत्र संपेपर्यंत त्या भाषेचे व्याकरण आपल्या हाताने उभे करावयाचे. त्या खुर्चीवर बसणारी व्यक्ती शाळेत गेलेली असावी असा नियम नाही. तिच्या भाषेपुरती तीच तेथे गुरू असते आणि पदवीधर मंडळी तिच्यासमोर वह्या घेऊन बसतात.

आपण न विचार करता जे बोलतो त्यात किती खोल रचना असते, हेही अशा तासाला कळते. “मला भूक लागली” असे आपण म्हणतो. इंग्रज मनुष्य स्वतः भुकेला असतो. आपल्याकडे भूक बाहेरून येऊन माणसाला लागते. येथे वाक्याचा कर्ता कोण, मी की भूक, यावर जगातील अनेक विद्यापीठांत प्रबंध लिहिले गेले आहेत. तसेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’. “आम्ही उद्या बाजारास जाऊ” म्हटले की ऐकणारा घरी राहिला; “आपण जाऊ” म्हटले की तोही निघाला. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द. (या लेखात आम्ही स्वतःस ‘आम्ही’ म्हणतो, त्यात वाचकास घेतलेले नाही, पण तो संपादकीय रिवाज झाला.)

आता मूळ प्रश्न. हे सारे येथे शिकता येत नाही काय? येते. किंबहुना या शास्त्राचे बी आपल्याच भूमीतून तिकडे गेले आहे, आणि त्यात आमच्या वाचकांस जवळच्या एका पुरुषाचा वाटा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधील येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आले व साष्टीत राहून येथल्या लोकांची भाषा शिकले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ सर्वांस ठाऊक आहे. परंतु १५८३ मध्ये त्यांनी आपल्या भावास लिहिलेल्या पत्रात एक वेगळेच निरीक्षण आहे. या देशातील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळते, असे त्यांनी त्यात नोंदविले. ते पत्र दीर्घ काळ अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिले. हाच विचार सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यास १७८६ मध्ये जाहीरपणे मांडला तेव्हा युरोपात खळबळ उडाली व भाषांच्या तौलनिक अभ्यासास वेग आला. फादर स्टीफन्स यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. आपल्या देशातील बोलत्या भाषांपैकी एखादीचे छापील व्याकरण म्हणून ते फार आरंभीचे मानतात.

पुढे ओघ उलटा वाहू लागला. युरोपातील तरुण संस्कृत शिकू लागले. जिनीव्हाचा फेर्दिनां द सोस्यूर हा स्वित्झर्लंडहून जर्मनीत लाइप्झिगला गेला आणि १८८० मध्ये त्याने डॉक्टरेट मिळविली ती संस्कृतातील षष्ठी विभक्तीच्या एका प्रयोगावर. आधुनिक भाषाशास्त्राचा पाया घालणारा म्हणून आज त्याचे नाव घेतात. अमेरिकेचे लेनर्ड ब्लूमफील्ड १९१३-१४ साली जर्मनीत शिकून आले. त्यांनी १९३३ च्या आपल्या ग्रंथात पाणिनीच्या व्याकरणास मानवी बुद्धीच्या थोर स्मारकांत स्थान दिले. म्हणजे घर सोडून शिकावयास जाणे ही काही आपल्याच मुलांची रीत नव्हे. ते शास्त्रच असे गावोगाव हिंडून वाढले आहे.

मराठीचेही तसेच. आपल्या भाषेची घडण कशी झाली याचा पहिला मोठा शास्त्रीय ग्रंथ फ्रेंचमध्ये आहे. तो झ्यूल ब्लॉक या पंडिताने लिहिला व १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. मराठीत तो १९४१ साली आला. होन्नावरचे सुमित्र मंगेश कत्रे लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९३१ मध्ये परतले. त्यांनी कोंकणीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संचालकपद १९४२ पासून जवळजवळ तीस वर्षे सांभाळले. पुण्याचे अशोक केळकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. १९५८ मध्ये तेथे त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला, तो कशावर? मराठीचे ध्वनी आणि मराठीची रूपे यांवर. न्यूयॉर्क राज्याच्या बर्फात बसून मराठीचा अभ्यास, हे ऐकून हसू येईल. परंतु भांडे चुलीवर असता त्याचे बूड दिसत नाही. ते खाली उतरवून उलटे करावे लागते. भोवती सारे वेगळे बोलू लागले म्हणजे आपल्या बोलण्याची घडी डोळ्यांत भरते, असा अनुभव परदेशी राहिलेले बहुतेक जण सांगतात.

आणि आता त्या मुलीच्या “मी आलो”कडे येतो.

मराठी व कानडी ही दोन निरनिराळ्या कुळांतील. मराठी संस्कृताच्या घराण्यातील, कानडी द्राविड. तरीही “मला भूक लागली” याच धाटणीवर कानडीतही भूक ‘ननगे’, म्हणजे मलाच, लागते. कुळे वेगळी असून शेजारामुळे भाषा एकमेकींसारख्या होतात, हा विचार कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातील मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारतासंबंधी नेटाने मांडला. त्याच विद्यापीठाचे जॉन गंपर्झ यांनी तो सांगली जिल्ह्यातील एका खेड्यात प्रत्यक्ष तपासला. हे गंपर्झ मूळचे जर्मन. त्यांची १९५४ ची डॉक्टरेट मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या घरगुती बोलीवर होती. तेव्हा शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकण्याची त्यांस सवय होती.

ते खेडे म्हणजे कुपवाड. आज ते सांगली व मिरजेबरोबर एका महापालिकेत गेले आहे. त्या वेळी सुमारे तीन हजार वस्तीचा गाव होता. कानडी बोलणारे जैन व लिंगायत, उर्दू बोलणारे मुसलमान, मराठी बोलणारे दलित आणि तेलुगू बोलणारी थोडी घरे अशी वस्ती. पिढ्यान् पिढ्या हे लोक शेतात, बाजारात, चावडीवर एकमेकांच्या भाषा बोलत आलेले. मात्र उंबऱ्याच्या आत ज्याची त्याची भाषा. गंपर्झ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये निष्कर्ष छापला की, कुपवाडच्या कानडी, उर्दू व मराठीत शब्द वेगवेगळे राहिले आहेत, परंतु वाक्याची ठेवण इतकी एक झाली आहे की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. पुस्तकी मराठीत आपण “नदी आली होती” म्हणू. कुपवाडच्या मराठीत “नदी आलं होतं” असे त्यांनी ऐकले. कानडीत माणसांपुरतेच पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. नदी, दगड, झाड ही सारी नपुंसक. मराठी शब्दांखाली कानडीचा हिशेब चालू होता!

शाळेतला मास्तर तेथे असता तर त्याने “नदी आलं” या वाक्यावर लाल रेघ ओढली असती. आमच्या लहानपणी आम्ही “लई” म्हटले की हातावर पट्टी बसे. तेव्हा आम्हांस हे बोलण्याचा अधिकार आहे. गंपर्झ यांनी रेघ ओढली नाही. त्यांनी विचारले, असे का? त्या एका प्रश्नामुळे कुपवाडचे नाव जगभरच्या भाषाशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले. भाषासंपर्क शिकणारा विद्यार्थी आजही ते नाव वाचतो.

कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगच नसते. पुरुष आला काय आणि स्त्री आली काय, ‘मी आले-आलो’ यांस एकच रूप. मग आमच्या बायकांच्या “मी आलो”त कानडीच्या शेजाराचा हात किती, आणि मराठीच्या आपल्या प्रवृत्तीचा किती? कोणत्या गावात, कोणत्या वयाच्या स्त्रिया असे बोलतात? शहरात गेलेल्या मुली केव्हा ते सोडतात आणि माहेरी येताच पुन्हा कसे धरतात? हाच प्रबंधाचा विषय झाला. त्या मुलीच्या हाती हा विषय आहे, आणि परदेशी प्राध्यापकापाशी नाही अशी एक गोष्ट तिच्यापाशी आहे : ती त्या घरात जन्मली आहे.

कोर्लईची गोष्ट तर आपल्या मंडळींनी विशेष ऐकण्याजोगी. चौल-रेवदंड्यासमोर खाडीपलीकडे किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव आहे. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये तो मुलूख सोडला, परंतु तेथील ख्रिस्ती वस्तीच्या घरांत पोर्तुगीजेतून घडलेली एक बोली राहून गेली. लोक तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. अमेरिकेतील क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. शब्द पोर्तुगीज, परंतु वाक्याच्या शेवटी क्रियापद, ते मराठीसारखे. अडीचशे वर्षांहून अधिक काळ कोणत्याही शाळेने, छापखान्याने वा सरकारने तिला आधार दिला नाही. आयांनी मुलांशी ती बोलण्याचे सोडले नाही, एवढ्यावर ती टिकली. आता मुले मराठी शाळेत जातात, तरुण मुंबईस जातात, आणि तिचे पुढे काय होईल याची काळजी अभ्यासकांस वाटते. आपल्या धर्मग्रामांतूनही घरची बोली “गावंढळ” म्हणून मुलांपुढे न बोलणारे आईबाप आम्ही पाहतो. अभ्यासक येऊन पोहोचण्यापूर्वीच त्या घरात अभ्यासाची वस्तू संपलेली असते.

वडिलांस मात्र या साऱ्यापेक्षा पैशाची चिंता अधिक होती, व ती रास्तच. त्याविषयी स्पष्ट लिहितो. अमेरिकेत डॉक्टरेटसाठी निवडलेल्या विद्यार्थ्यास बहुतेक मोठी विद्यापीठे फी माफ करतात व निर्वाहभत्ता देतात. मोबदल्यात त्याने खालच्या वर्गांस शिकवावयाचे किंवा संशोधनात मदत करावयाची. मुदत पाच वर्षे, कधी अधिक. नेदरलँड्समध्ये डॉक्टरेटचा विद्यार्थी पुष्कळदा पगारी नोकरच असतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, परंतु राहण्याखाण्याची रक्कम खात्यात अगोदर दाखवावी लागते. इंग्लंडमध्ये एका वर्षात एम.ए. होते खरे; ते बहुधा पदरचे पैसे मोडून, आणि चेव्हनिंग, कॉमनवेल्थ अशा शिष्यवृत्त्या मोजक्यांस मिळतात. एका वर्षाच्या पदवीसाठी शेत गहाण टाकू नये, असे आमचे स्वच्छ मत आहे. जेथे विद्यापीठ स्वतः खर्च उचलते तेथेच जावे. उचलत नसेल तर एक वर्ष थांबावे. “प्रवेश मिळवून देतो” म्हणून पैसे मागणाऱ्यास दारातूनच परत पाठवावे. अर्ज मुलीने स्वतः लिहावयाचा असतो. आपणास कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे याचे निवेदन, स्वतःच्या लेखनाचा एक नमुना आणि शिक्षकांची शिफारसपत्रे, यांवर निवड होते. त्यात निवेदनास फार मोल असते.

तत्पूर्वी आपल्याकडेच एम.ए. करावे हे उत्तम. तीन वर्षांची आपली बी.ए. काही परदेशी विद्यापीठांस पुरत नाही. पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे, हैदराबादेस उस्मानिया आणि इंग्रजी व परदेशी भाषांचे विद्यापीठ आहे. शिवाय म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ पासून काम करीत आहे. मायभूमीत दोन वर्षे हे शास्त्र चाखून पाहिले म्हणजे मन खरोखर त्यात आहे की नाही हेही समजते.

नोकरीचे काय, असे वडिलांनी विचारलेच. प्राध्यापकाच्या जागा थोड्या आहेत. येथेही आणि तेथेही. हे लपविण्यात अर्थ नाही. कोशकार्य आहे, भाषा शिकविणे आहे, आणि हल्ली यंत्रांस माणसाचे बोलणे समजावून देण्याच्या कामी भाषाशास्त्र शिकलेल्यांस बोलावतात. डॉक्टर वा इंजिनिअर यांच्याइतका सरळ रस्ता मात्र हा नव्हे. गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग “शेत गहाण नको म्हणालात, ते बरं केलं,” एवढेच म्हणाले व टोपी नीट करून निघाले.

पुढे उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या गावी गेलो तेव्हा मुलीचा पुण्यास अर्ज गेला होता, आणि उत्तर यावयाचे होते. ती ओसरीवर आजीपाशी बसली होती. मोबाइलवर आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित होत होते आणि वहीत टिपण चालले होते. बैलगाडी त्या घरातून जाऊन दहा वर्षे झाली. परंतु म्हातारीच्या तोंडी तिचा एकेक भाग शाबूत होता : जू, शिवळ, सापती, आरे, तुंबा, धाव. मध्येच नातीने एका शब्दाचा उच्चार पुस्तकी केला. म्हातारी चिडली. “तुझं ऱ्हाऊ दे बाजूला,” ती म्हणाली, “मी सांगतो तसं लिही.”

मुलीने ‘सांगतो’ हे रूप वहीत तसेच उतरून घेतले आणि त्याखाली रेघ ओढली.